रकान्यात न मावणारा कोळी

काजूच्या कीड सर्वेक्षणासाठी आम्हाला जो छापील तक्ता मिळत असे, त्यात सगळ्या कोळ्यांना मिळून एकच रकाना होता. ढेकण्याला वेगळा, फुलकिड्यांना वेगळा, पानं पोखरणाऱ्या अळीला वेगळा आणि खोडकिड्याची तर झाडागणिक निराळी नोंद. कोळी मात्र ‘मित्रकीटक’ या मथळ्याखाली ढालकिड्यांच्या शेजारी. जाळं विणणारा, उड्या मारणारा, फुलात दडून बसणारा, सगळे एकाच आकड्यात. वेंगुर्ला, सावंतवाडी आणि दोडामार्ग या पट्ट्यातल्या बागांमधून हे काम करण्यात माझ्या आयुष्याचा मोठा भाग गेला. त्या एका रकान्यातल्या एका कोळ्याने मला जे शिकवलं, ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

आधी काम काय होतं ते सांगते. ढेकण्या, म्हणजे टी मॉस्किटो बग, हा काजूचा मुख्य वैरी. किरकोळ अंगाचा, लांब पायांचा, पाठीवर टाचणी खोचल्यागत उभा काटा असलेला हा किडा कोवळ्या पालवीत आणि मोहोरात सोंड खुपसून रस शोषतो. जिथे सोंड लागते तिथे तपकिरी चट्टा पडतो, चट्टे एकमेकांना मिळतात आणि पाहता पाहता मोहोर करपतो. आमची मोजणी अशी : झाडाच्या चार बाजू, प्रत्येक बाजूचे १३ शेंड्याचे कोंब, म्हणजे झाडाला ५२. प्रत्येक कोंब हातात धरून चट्टे बघायचे आणि शून्य ते चार यांपैकी एक अंक द्यायचा. शून्य म्हणजे कोंब निरोगी, चार म्हणजे वाळून गेलेला. पालवी फुटली की हे सुरू होई, ते मोहोर ओसरून बोंडं धरेपर्यंत चाले.

या कामाने नजर तयार होते, यात शंका नाही. पण ती ठरावीक गोष्टींसाठीच तयार होते. कोंब, चट्टा, अंक. कोंब, चट्टा, अंक. झाडावरचं बाकीचं जग हाताला लागतं, अंगावर चढतं, कधी चावतंही, पण कागदावर येत नाही.

चावणारे म्हणजे हुमले. आंबा, काजू, फणस, जांभूळ, कोकणात जिथे दाट पानोळा तिथे या तांबड्या मुंग्या. जिवंत पानं एकमेकांना जोडून त्या घरटं बांधतात. कामकरी मुंग्या साखळी करून दोन पानं जवळ ओढतात आणि आपल्याच अळ्या तोंडात धरून त्यांच्या रेशमाने कडा सांधतात. एका वसाहतीची घरटी अनेक झाडांवर पसरलेली असतात आणि मुंग्यांची संख्या लाखांच्या घरात जाते. त्यांचा चावा, आणि चाव्यावर सोडलेलं आम्ल, ज्याने अनुभवलंय त्याला वेगळं सांगायला नको. बागेत शिरताना आम्ही हातापायांना राख चोळायचो. तरी माळ्यावरून, पाटावरून कुणीतरी ओरडायचंच, “बाय गो, हुमले चावतले, सांभाळ!”

आणि याच हुमल्यांमुळे ढेकण्या कमी राहतो. ज्या झाडावर त्यांची भरभक्कम घरटी, तिथे माझ्या तक्त्यात शून्यं जास्त पडायची, हे मी स्वतः हातांनी लिहिलेलं आहे. हुमले ढेकण्याची पिल्लं उचलून नेतात आणि मोठ्यांना मोहोरावर टिकू देत नाहीत. चीनमधल्या चौथ्या शतकातल्या एका वनस्पतिविषयक ग्रंथात लिंबूवर्गीय बागांसाठी या जातीच्या मुंग्यांची घरटी बाजारात विकायला येत असल्याचा उल्लेख आहे. किडीवर किडा सोडण्याची माणसाच्या इतिहासातली ही सर्वांत जुनी नोंद समजली जाते. आमच्याकडे मात्र ओले काजूगर काढायची वेळ आली की पलिते लावून घरटी जाळली जायची. झाडावर चढणाऱ्या माणसाच्या बाजूने विचार केला तर त्यात नवल नाही.

अशाच एका झाडाखाली, फांदीवरून हुमल्यांची रांग जात असताना, मला रांगेच्या कडेला एक मुंगी थांबलेली दिसली. हुमला थांबत नाही. थांबलाच तर समोरच्याच्या मिशांना मिशा लावतो आणि पुढे निघतो. ही मुंगी पानाच्या देठाजवळ उभी होती, पुढचे दोन पाय वर धरून मिशांसारखे हलवत होती आणि कुणी जवळ आलं की तिरकी मागे सरत होती. मी हातभिंग काढलं. पाय मोजले तर आठ.

हा खेकडा कोळी. शास्त्रीय नाव अमायसिया फॉर्टिसेप्स. १८७३ साली ओ. पिकार्ड-केंब्रिज या इंग्लंडमधल्या पाद्र्याने, जो कोळ्यांचा त्याच्या काळातला मोठा जाणकार होता, या जातीचं पहिलं वर्णन केलं. भारतापासून पूर्वेकडे चीनपर्यंत हा आढळतो आणि जिथे तांबडे हुमले तिथेच याचा मुक्काम, कारण याचं जेवण तेच. लांबी बोटाच्या नखाच्या निम्म्याहून थोडी जास्त. रंग हुमल्याचाच, पिवळट तांबूस, थोडा पारदर्शक वाटणारा. खरी करामत पोटाच्या मागच्या टोकाला आहे. तिथे दोन ठसठशीत काळे ठिपके असतात. ते मुंगीच्या डोळ्यांच्या जागी बसतात, म्हणजे कोळ्याची पाठची बाजू मुंगीचं डोकं होते. आपण ज्याला तोंड समजतो ते शेपटाकडे, आणि दंश करणारं तोंड आपल्याला पाठ वाटते तिकडे.

कोळ्यांच्या या कुळात, थोमिसिडी कुळात, जगभर दोन हजारांहून अधिक जाती आहेत. पुढच्या पायांच्या दोन जोड्या मागच्यांपेक्षा लांब आणि दणकट, पाय असे वळलेले की प्राणी समोर जितक्या सहज चालतो तितक्याच सहज बाजूला आणि मागेही सरकतो. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला हे चालणं ओळखीचं आहे. शिकारीसाठी जाळं यांच्यापैकी कुणी विणत नाही. एका जागी बसायचं आणि भक्ष्य जवळ येईपर्यंत हलायचं नाही, ही यांची रीत. रेशमाचा धागा असतो, पण त्याचा उपयोग निराळा. तो उपयोग मी पाहिला ते सविस्तर सांगते, कारण त्यानंतर माझं कामाकडे बघणं बदललं.

उन्हं चढायला लागली होती. काजूच्या खालच्या फांदीवर, माझ्या डोळ्यांच्या उंचीला, रांग चालू होती. कोळी फांदीच्या खालच्या अंगाला, रांगेपासून दोनेक बोटं दूर. बऱ्याच मुंग्या त्याच्या बाजूने गेल्या, त्याने काही केलं नाही. एखादी वळून त्याच्याकडे आलीच तर तिच्या मिशा लागायच्या आत तो बाजूला सरे. मुंग्या एकमेकींना मुख्यतः वासाने ओळखतात, स्पर्श झाला की सोंग उघडं पडणार. म्हणून हा दिसतो मुंगीसारखा, पण मुंगीला शिवू देत नाही. मग एक कामकरीण रांग सोडून एकटी कडेला आली. कोळी तिच्या मागून आला आणि डोक्याच्या मागच्या नाजूक सांध्यावर त्याने दात रोवले. ती पाय झाडू लागली तोच दोघं फांदीवरून खाली पडली. पडली म्हणजे लटकली. फांदीला आधीच चिकटवलेल्या धाग्यावर, वीतभर खाली, कोळी मुंगीला धरून झुलत होता. वर फांदीवर दोन-तीन मुंग्या त्या जागी धावत आल्या, मिशा फिरवत गोल गोल फिरल्या, खाली वाकल्या. धाग्यावर उतरायचं त्यांना जमलं नाही. थोड्या वेळाने त्या निघून गेल्या आणि रांग पूर्ववत झाली.

हुमल्यांच्या राज्यात एका मुंगीला पकडणं अवघड नाही. अवघड आहे ते तिला पकडून झाल्यावर जिवंत राहणं. एकीने धोक्याचा गंध सोडला की क्षणात डझनभर येतात. कोळ्याने ती अडचण जमीन सोडून सोडवली आहे. त्या दिवशी मी ५२ कोंबांची मोजणी बाजूला ठेवून तिथेच उभी राहिले. धाग्यावर लटकून कोळी बराच वेळ खात होता. या कुळाच्या दातांना चावून बारीक करण्याजोगे दाते नसतात, म्हणून ते भक्ष्य चुरडत नाहीत. दंशाच्या छिद्रातून पाचक रस आत सोडायचा, आतलं सगळं पातळ झालं की शोषून घ्यायचं. त्यामुळे शेवटी खाली पडते ती मुंगी अखंड दिसते. पाय, मिशा, डोकं सगळं जागच्या जागी, फक्त आत काही नाही. खाणं चालू असताना इवल्या काळ्या माश्याही जमल्या आणि मुंगीच्या अंगावर बसून त्यांनी आपला वाटा घेतला. कोळ्याने त्यांना हुसकलं नाही.

त्यानंतर ती टरफलं ओळखणारी निराळी नजर मला आली. झाडाखालच्या पालापाचोळ्यावर किंवा कोळ्याच्या तुटक्या धाग्यावर अशा अखंड पण हलक्याफुल झालेल्या मुंग्या दिसल्या की वर बघायचं. तक्त्यात हे शिकवलेलं नव्हतं.

त्याच झाडांवर दुसरा एक नकलाकारही असतो आणि सुरुवातीला दोघांमध्ये घोळ होतो. तो उड्या मारणाऱ्या कोळ्यांपैकी. सडपातळ, कमरेत मुंगीसारखा चिंचोळा, चालही मुंगीची. त्याच्या नराचे जबडे इतके लांब असतात की एक मुंगी दुसरीला तोंडात धरून चालली आहे असंच वाटावं. पण तो हुमल्यांना खात नाही. हुमल्याला घाबरून पक्षी आणि इतर शिकारी लांब राहतात, त्या भीतीच्या आडोशाला तो राहतो. एक सोंग संरक्षणासाठी, दुसरं खाण्यासाठी, आणि दोघांचा मूळ नमुना एकच. १९५४ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये ए. पी. मॅथ्यू यांनी या दोन्ही कोळ्यांच्या सवयींवर निबंध लिहिला होता. एका ज्येष्ठ कीटकशास्त्रज्ञांनी मला त्याची झेरॉक्स दिली, ती अजून माझ्याजवळ आहे. कुणीतरी कित्येक वर्षांपूर्वी याच मुंग्यांचा चावा सोसत, याच कोळ्यांसमोर तासन्‌तास उभं राहिलं होतं, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

खेकडा कोळी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतो तो फुलातला. थोमिसस या प्रजातीतली मादी. पांढरीशुभ्र किंवा पिवळी, पोट मागे रुंद होत गेलेलं, मागच्या दोन कोपऱ्यांवर टोकं निघालेली. बांधावरच्या घाणेरीत, परसातल्या मोगऱ्यात, काजूच्या मोहोरातही ती सापडते. तिला शोधायचं नसतं. शोधायची ती माशी. सातेरी मधमाशी फुलावर आहे पण हलत नाही, पंख अर्धवट उघडे, अंग थोडं वाकडं, असं दिसलं की पाकळीच्या आड कोळी असणारच. स्वतःच्या दुपटीने मोठ्या माशीला ती मानेशी एका दंशात थांबवते. या कुळातल्या काही जातींच्या माद्या फुलानुसार पांढऱ्याच्या पिवळ्या आणि पिवळ्याच्या पुन्हा पांढऱ्या होतात. हा बदल सरड्यासारखा झटपट नसतो, त्याला दिवसच्या दिवस लागतात. ऑस्ट्रेलियातल्या थोमिसस स्पेक्टॅबिलिस या जातीवर २००३ साली ‘नेचर’मध्ये आलेलं संशोधन तर मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. ही मादी आपल्याला पांढऱ्या फुलावर दिसेनाशी होते, पण माणसाला न दिसणारे अतिनील किरण ती परावर्तित करते आणि माशीच्या डोळ्याला ते फूल उलट अधिक उठून दिसतं. माशी कोळी नसलेल्या फुलापेक्षा कोळी असलेल्या फुलाकडे जास्त ओढली जाते. आपण ज्याला लपणं म्हणतो ते माशीच्या दृष्टीने बोलावणं असतं.

या माद्यांबद्दल आणखी एक. अंडी घालायच्या वेळी त्या पानाची कड वळवून रेशमाने शिवतात आणि अंड्यांच्या पिशवीवर बसून राहतात. भरलेलं पोट आठवडाभरात सुरकुतून जातं. अशा मादीला काडी लावली तर ती पळत नाही, पुढचे पाय उघडून समोर येते. मोहोरावर लपून माशी धरणारी हीच ती, हे त्या वेळी खरं वाटत नाही.

आता तक्त्याकडे परत येते. सातेरी काजूच्या परागीभवनाला मदत करते, फुलातला कोळी तिला खातो. हुमले ढेकण्या आटोक्यात ठेवतात, मुंगीचं सोंग घेतलेला कोळी त्यांना खातो. आणि हुमलेही काही निव्वळ मित्र नव्हेत. गोड स्रावासाठी ते पिठ्या ढेकणांना सांभाळतात, त्यांच्या शत्रूंना हाकलतात. काजूगर काढणाऱ्या माणसाचं अंग सोलून काढतात ते वेगळंच. मग या सगळ्यांना कुठल्या मथळ्याखाली लिहायचं? एका प्रशिक्षणात मी हा प्रश्न विचारला, तेव्हा उत्तर मिळालं की कोळी म्हणजे मित्र, शेतकऱ्याला गोंधळात टाकू नका. ते उत्तर देणाऱ्याचा हेतू चांगला होता. शेतकऱ्याला सोपं सांगावं लागतं हे मलाही मान्य आहे. पण शेतकऱ्याला सोपंच लागतं असं समजणं मला पटत नाही, कारण हाच प्रश्न मला पहिल्यांदा एका म्हाताऱ्या बागाईतदारणीने विचारला होता.

तिच्या परड्यातल्या जुन्या काजूखाली मी तिला धाग्यावर लटकलेला कोळी दाखवला. हातभिंग डोळ्याला लावून ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “ह्यो कोळी हुमल्यांका खाता. मगे तो आमचो वैरी नाय काय गो बाय?” मी म्हटलं, आजी, या झाडावर हुमले किती असतील? ती हसली आणि हाताने सगळं झाड दाखवलं. कोळी किती दिसले? एक. अजून शोधूया म्हटलं. दोघींनी मिळून घरट्याजवळच्या फांद्या बघितल्या, रांगांच्या कडा बघितल्या. आणखी एक सापडला, तो उडी मारणारा निघाला. तिने स्वतःच निकाल दिला, “खाऊक दी बापड्याक.” त्या बाईने हुमल्यांची घरटी पुढेही जाळली नाहीत. ओले काजूगर काढायच्या फांद्या तिने वेगळ्या ठेवल्या आणि हुमल्यांची झाडं बी पडेपर्यंत तशीच सोडली. तिच्या झाडांवरची माझी मोजणी बहुतेक शून्य आणि एक अशीच असायची.

शेजारच्या बागेत पालवी, मोहोर आणि फळधारणा असे तिन्ही टप्पे धरून फवारणी होत असे. ढेकण्या खरंच वाढला तर फवारावं लागतं, त्याला माझा विरोध नाही. एका हंगामात मोहोर आल्यावर, सकाळी माश्या फुलांवर असतानाच, तिथे पंप चालले. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा झाडाखाली हुमल्यांचा खच होता, सातेरीही पडल्या होत्या. त्यात मी आठ पायांचा एक तांबूस जीव शोधला आणि तो सापडला. पोटावरचे काळे ठिपके तसेच ठसठशीत होते. तक्त्यात ढेकण्या शून्य लिहिला, ते खरंच होतं. काही आठवड्यांनी बांधापलीकडच्या झाडांवरून हुमल्यांच्या रांगा पुन्हा त्या बागेत आल्या. त्या हंगामात तरी मला तिथे तो कोळी दिसला नाही. खाणारा नेहमी खाद्याच्या मागून येतो, आणि खाद्य पुरेसं झाल्यावरच येतो. झाडावर तो असणं याचा अर्थ मी तेव्हापासून असा घेते की इथे हुमले भरपूर आहेत आणि बऱ्याच दिवसांत काही बिघडलेलं नाही.

तक्ता अजूनही तोच आहे. पण शेवटी ‘शेरा’ म्हणून एक मोकळी जागा असते, जी बहुतेक जण रिकामी सोडतात. मी तिथे लिहायला लागले : हुमल्यांची घरटी किती, फांदीवर रांग चालू की तुटक, कोळी कुठे बसला होता, काय खात होता, फवारणी होऊन किती दिवस झाले. नव्याने कामाला येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्या दिवशी ५२ कोंब मोजायला लावत नाही. एका झाडाखाली उभं करते, राख चोळायला देते आणि हुमल्यांच्या रांगेत जी मुंगी चालत नाही तिला शोधायला सांगते. बरेच जण तासाभरात कंटाळतात. ज्यांना ती सापडते त्यांच्या नोंदी पुढे मला तपासाव्या लागत नाहीत, कारण शून्य लिहायच्या आधी ते पान उलटून बघतात.